शेपटीवाला खिळा

"आज्जी, तुझं नाव दिलं मी!"

एक बूट पायात, एक उंबऱ्यावर, दप्तर अजून पाठीवर, आणि मयूरीचा आवाज पार परसापर्यंत. मी सोप्यात डाळ निवडत बसले होते.

"कुठं दिलंस? रेशनला?"

"शाळेत गं! शनिवारी आजी-आजोबांचा दिवस आहे. प्रत्येकानं एका आजीला नाहीतर आजोबांना घेऊन यायचं. इंग्रजी शब्दांचा खेळ आहे. बाई फळ्यावर दोन अक्षरं देणार, आणि ती दोन्ही अक्षरं ज्यात असतील ते शब्द आपण शोधायचे. ज्या जोडीचे शब्द जास्त, तिचा पहिला नंबर."

स्वयंपाकघरातून माझी सून रोहिणी बाहेर आली. हाताला कणीक तशीच. "अगं मयू, बेळगावच्या आजीचं नाव द्यायचं होतंस. ती आली असती की. तिनं तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय."

"पण आज्जीला जास्त येतं. हो की नाही गं आज्जी? तूच म्हणालीस ना, तुझ्या आईनं वाचलं नसेल एवढं इंग्रजी माझ्या या बोटांतून गेलंय म्हणून?"

म्हणाले होते. एकदा नव्हे, धा वेळा. रोहिणी सकाळी चहाबरोबर इंग्रजी पेपर उघडून बसायची, तेव्हा तर मी हटकून म्हणायची. तिथंच जीभ आवरली असती तर हे नाटक झालंच नसतं. रोहिणीनं माझ्याकडं पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यात बारीकसं हसू. ते हसू दिसलं आणि माझं डोकं फिरलं.

"दिलंय नाव तर जाईन," मी म्हणाले. "तुझ्या आईला कशाला उगीच त्रास? एसटीत त्यांची कंबर धरते."

मयूरी नाचत आत गेली. मी डाळीत हात घातला, आणि निवडलेली डाळ न निवडलेल्या डाळीत ओतून मोकळी झाले.

मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. दुसरीत शाळा सुटली, तीही मराठी. पण मी खोटं बोलले असंही नव्हतं. इथं गडहिंग्लजला याच घरामागं आमचा छापखाना होता. शिशाचे खिळे जुळवून छापायचे ते दिवस. एका खिळ्यावर एक अक्षर. छापून झालं की सगळे खिळे परत आपापल्या घरात टाकावे लागतात, नाहीतर उद्याचं काम अडलं. त्याला खिळे सोडणं म्हणायचे. सत्तावीस वर्षं ते काम मी केलं. डाव्या हातात ओळ धरायची, उजव्या चिमटीत एकेक शब्द उचलायचा आणि टपटप घरात टाकायचा. अक्षरांची इंग्रजी नावं मला काय ठाऊक? मी माझी ठेवली होती. भोपळा, तिपाई, खुर्ची, चष्मा. एक होता शेपटीवाला. त्याचं घर कोपऱ्यात, सगळ्यांत लहान, आणि त्याच्या मागोमाग नेहमी तो वाटीसारखा यायचा, कधी चुकायचा नाही.

आसपासच्या तालुक्यांतल्या इंग्रजी शाळांच्या प्रश्नपत्रिका आमच्याकडंच छापायला यायच्या. त्या दिवशी मालक, म्हणजे आमचे हे, दार आतून लावायचे. खिळे जुळवणारा जुळारी काम करून निघाला की त्याचे खिसे तपासायचे. माझे नाही. छापून होताच मी ती पानं खिळ्याखिळ्यानं मोडायची, म्हणजे मागं काही उरायला नको. नव्या नवलाईत मी एकदा म्हणाले होते, "मला वाचायला शिकवा की, काम भरभर होईल."

हे हसले. "तुला वाचता येत नाही हेच तर आपलं कुलूप. मुख्याध्यापकांना मी काय सांगतो माहीत आहे? आमचे पेपर फुटत नाहीत, कारण सोडणारी माझी बायको आहे."

तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. पुन्हा विचारलं नाही. कुणाला काही मागायची मला सवयच नाही.

गावाला वाटायचं, छापखान्याची मालकीण, हिला इंग्रजी येतच असणार. मी कधी नाही म्हणाले नाही. हे गेले, ऑफसेट छपाई आली, छापखाना बंद पडला. आणि नात विचारायला लागली तेव्हा तिलाही नाही म्हणाले नाही.

बुधवार, गुरुवार मला घर खायला उठलं. आमटीत दोनदा मीठ पडलं. शिवानंद, माझा मुलगा, घास तोंडात धरून माझ्याकडं बघत राहिला, पण बोलायची छाती झाली नाही त्याची. मी अंगणात जायची, परत यायची, पुन्हा जायची. शेवटी मागच्या छापखान्याचं कुलूप काढलं. धुळीनं भरलेल्या पेट्या खाली ओढल्या आणि खिळे हातात घेतले. बोटांना सगळं आठवत होतं. आधी शेपटीवाला, मग वाटी, मग पुढं काय यायचं ते आपोआप. शब्द हातातून पडत होते. त्यांचा उच्चार काय, अर्थ काय, देव जाणे.

संध्याकाळी मयूरी वही घेऊन आली. "चल, तयारी. एन आणि जी. तू सांग."

"मी सांगितलं तर तू शिकणार काय? तू सांग, मी बघते बरोबर आहे का."

"किंग."

"हं."

"सिंगिंग."

"हं. पुढं."

"नाइट... बरोबर आहे ना? यात जी असतो पण बोलत नाहीत."

"आहे तर," मी म्हणाले. "तुला एवढं येतंय तर मला कशाला विचारतेस सारखं?"

"तू असलीस की मला भीती वाटत नाही," ती म्हणाली आणि वहीत खाडाखोड करायला लागली. "त्या वेदांगीचे आजोबा वकील आहेत. ती म्हणाली, तुझी आज्जी तर नऊवारी नेसते. मी म्हटलं, शनिवारी बघ."

शुक्रवारी दुपारी दारात रिक्षा थांबली. आमच्या विहीणबाई, प्रभाताई. बेळगावहून. हातात बॅग, बॅगेवर प्लास्टिकमध्ये घातलेली साडी.

"सहज आले हो," त्या म्हणाल्या. "मयूची आठवण आली."

"बरं झालं. आठवणीलासुद्धा नेमका शुक्रवार सापडला," मी म्हणाले. रोहिणी पाणी आणायच्या निमित्तानं आत सटकली. फोन कुणी केला ते विचारायची गरज नव्हती.

प्रभाताई वाईट बाई नव्हत्या. तेच अवघड होतं. वाईट असत्या तर मी त्यांना दोन वाक्यांत बेळगावला परत पाठवलं असतं. चहा झाला, रोहिणी मयूरीला आणायला गेली, आणि आम्ही दोघीच सोप्यात राहिलो. त्यांनी फडताळावरचा शाळेचा कागद उचलला. छापील, इंग्रजी. एकदा पाहिला आणि माझ्यापुढं धरला.

"किती वाजता जायचंय उद्या? बघता का जरा?"

"चष्मा नाही जवळ."

चष्मा माझ्या नाकावर होता.

मी उठले, खिडकी लावली, पुन्हा उघडली. त्यांनी कागदाची घडी घातली.

"विहीणबाई," त्या हळू म्हणाल्या, "मी कुणाला बोलणार नाही. रोहिणीलासुद्धा नाही. पण उद्या सगळ्या शाळेसमोर पोरीचं हसं होईल. तुमचंही. सकाळी ताप आलाय म्हणा. मी जाते तिच्याबरोबर. गोष्ट इथंच मिटेल."

त्यांनी टोमणा मारला असता तर मला उत्तर सुचलं असतं. ही दया आली, तिला काय उत्तर देणार? मी म्हणाले, "बघू," आणि मागं जाऊन धुतलेली भांडी पुन्हा घासली.

आणि खरं सांगते, सकाळी मी ताप आणायचंच ठरवलं होतं. अंथरुणातून उठलेच नाही. कपाळावर हात आडवा ठेवून पडले होते. पण पाणी प्यायला म्हणून बाहेर आले, तर दाराच्या खिळ्याला हँगर अडकवलेला, आणि त्यावर प्रभाताईंची मोरपंखी रेशमी साडी, इस्त्री करून, निऱ्या नीट. जाकीट-ब्लाऊज शेजारी. मी अजून शिंकलेसुद्धा नव्हते, आणि यांची साडी तयार!

मी आत गेले, ट्रंकेतली नऊवारी इरकल काढली, नेसले, अंबाडा घट्ट बांधला.

"मयू," मी हाक मारली, "चल. उशीर होईल."

प्रभाताईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि साडी हँगरवरून काढून घडी घातली. त्या साधीच नेसल्या. शाळेत आल्या मात्र, रोहिणीही आली. मागच्या खुर्च्यांवर दोघी शेजारी बसल्या.

शाळेचा हॉल लांबलचक, एका बाजूला उंच खिडक्या, आणि उन्हाची तिरीप थेट टेबलांवर. चाळीसेक आजी-आजोबा. वेदांगीचे वकील आजोबा टाय लावून आले होते. मला वाटलं होतं, मयूरीकडं घरी असतात तशा अक्षरांच्या प्लास्टिकच्या चकत्या देतील, आणि मी त्या एकीला एक लावत जाईन. तसं काही नव्हतं. प्रत्येकाच्या पुढं एकेक पातळ कोरा कागद आणि पेन्सिल.

तरुणशी बाई माईकवर आली. "पाच मिनिटं. नातवंडांनी त्यांच्या कागदावर लिहायचं, आजी-आजोबांनी त्यांच्या. बोलायचं नाही, एकमेकांचं बघायचं नाही. शेवटी ज्याचे शब्द त्यानंच वाचून दाखवायचे. नाही वाचले तर धरणार नाही."

शेवटचं वाक्य ऐकलं. उठून जावं म्हटलं. मयूरीनं टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

बाईनं फळ्यावर दोन अक्षरं लिहिली.

पहिलं माझं शेपटीवालं.

दुसरं खांबावर आडवी काठी मारलेलं. ते तर रोज मुठी मुठीनं सोडलेलं. सगळीकडं कुजबुज झाली. वकील आजोबांनी टाय सैल केला. "क्यू आणि टी? अवघड आहे," कुणीतरी म्हणालं. मयूरीची पेन्सिल तोंडात गेली.

आणि माझा हात चालायला लागला.

प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी यायचा तो शब्द. तिमाही परीक्षेच्या मथळ्यातला लांबडा. गणिताच्या पेपरातले चार. दुकानांच्या जाहिरातीतला एक. भूगोलाच्या पेपरातले दोन, त्यातला एक भला मोठा. शास्त्राच्या पेपरात डासांच्या चित्राखाली असायचा तो. आणि श्रीमंतांच्या इंग्रजी लग्नपत्रिकेत तिसऱ्या ओळीतला. तो तर मी लग्नसराईत दिवसाला पाच-सहादा मोडलेला. डोळे मिटले असते तरी चाललं असतं. ओळ डाव्या हातात आहे असं समजायचं आणि चिमटीला विचारायचं, पुढं काय? पाच मिनिटं संपली तेव्हा कागदावर अकरा शब्द होते. मी मोजले. आजूबाजूला कुणाचे तीन, कुणाचे चार. वकील आजोबांचे पाच.

कितीतरी दिवसांनी मला शांत वाटलं. ते अर्धं मिनिट टिकलं.

बाई कागद गोळा करत आली. माझा कागद उचलला. आडवा धरला. उभा धरला. फिरवून धरला. मग हसू दाबत म्हणाली, "आज्जी, ही कुठली भाषा हो?"

माईक हातातच होता. सगळा हॉल हसला. मुलं तर टेबलांवर हात आपटून हसली. वेदांगी उभी राहून मान वर करून बघत होती. मी मागं पाहिलं. रोहिणीनं मान खाली घातली होती. मयूरीनं मात्र नाही. ती माझ्याकडं बघत होती, अजून भरवशानं, आणि ते जास्त जड गेलं.

आधी मलाही कळेना काय चुकलं. मग बाईच्या हातातल्या कागदाकडं आणि फळ्याकडं एकदम नजर गेली, आणि लख्ख कळलं. जन्मात मी इंग्रजी अक्षर लिहिलंच नव्हतं. नुसतं हातात धरलं होतं, तेही शिशाचं. आणि खिळ्यावर अक्षर सरळ नसतं. डोकं खाली, पाय वर. फळ्यावरचं, कागदावरचं सरळ अक्षर डोळ्यांनी ओळखायची मी, पण हाताला तो उलटाच अवतार ठाऊक. मी अकराच्या अकरा शब्द खिळ्यासारखे लिहिले होते.

"हसायचं थांबवा," मी म्हणाले. माईक लागत नाही माझ्या आवाजाला. "बाई, तो कागद पालथा करा. तसा नव्हे. वरची कड खाली, खालची वर, आणि लिहिलेली बाजू पलीकडं. आता धरा खिडकीच्या उजेडात."

तिनं धरला. पातळ कागद, ऊन आरपार आलं. ती बघतच राहिली. मग एकेक वाचायला लागली. "क्वेश्चन. क्वार्टरली. इक्वेशन. क्वांटिटी. क्वालिटी..." मुलं टाचा उंचावून बघायला लागली. "क्वोशंट. क्वाड्रॅटिक. इक्वेटर. अर्थक्वेक. मॉस्किटो..." वकील आजोबा खुर्चीतून पुढं वाकले. "रिक्वेस्ट." टाळ्या पडल्या. मागून प्रभाताईंनी सगळ्यांत आधी वाजवल्या, हे मला नंतर कळलं. मयूरी टेबलावर चढायचीच बाकी होती.

"आज्जी, कमाल आहे!" बाई म्हणाली. "आता नियमाप्रमाणं तुम्ही वाचून दाखवा, म्हणजे पहिला नंबर तुमचाच."

तिनं कागद तसाच उजेडात माझ्यासमोर धरला.

नुकतेच तिनं शब्द मोठ्यानं वाचले होते, ऐकलेले चार-दोन मी ठोकून देऊ शकले असते. पण कुठला आवाज कुठल्या शब्दाचा, ते मला कुठं माहीत? आणि पुढं कुणी बोट ठेवून विचारलं असतं, मग?

मागची खुर्ची सरकली. प्रभाताई उभ्या होत्या. "त्यांचा चष्मा वाचायचा नाही, लांबचा आहे," त्या स्पष्ट म्हणाल्या. "वाचायचा घरी राहिलाय. मी वाचते त्यांच्या वतीनं, चालेल ना?"

बाई "हो, हो" म्हणत होती. सगळं निभावलं होतं. मला नुसतं गप्प बसायचं होतं. आणि मयूरी हसून म्हणाली, "आज्जी, बघ मी कशी विसरले, चष्मा मीच दप्तरात घालायला हवा होता."

पोरीनं माझा खोटेपणा स्वतःच्या विसराळूपणावर घेतला, ते मला सोसवलं नाही.

"चष्मा हाच आहे," मी म्हणाले. "मला वाचता येत नाही. इंग्रजी एक अक्षर येत नाही."

कुणी हसलं नाही. प्रभाताई हळूच खाली बसल्या. मयूरीचा चेहरा मी पाहिला, आणि मग पाहवला नाही.

पहिला नंबर वकील आजोबांचा आला. मयूरीला उत्तेजनार्थ कंपासपेटी मिळाली.

रिक्षात ती आईच्या मांडीवर बसली, माझ्या नाही. घरी आल्यावर जेवली नाही. रोहिणी समजावायला गेली, तिला बाहेर घालवलं. प्रभाताई म्हणाल्या, "राहू दे तिला." मी मागच्या छापखान्यात जाऊन बसले. स्वस्थ बसवेना. एक पेटी ओढली, ढकलली, दुसरी ओढली. तासाभरानं दारात सावली पडली.

"तू खोटं बोललीस."

"हो."

"'तू सांग, मी बघते' म्हणायचीस ते?"

"खोटं."

"मी चुकले तरी हं म्हणायचीस?"

"कळत होतं कुठं मला?"

ती आत आली. पेटीशी उभी राहिली. रागानं नाक लाल झालेलं. "पण तू अकरा लिहिलेस," ती म्हणाली, जणू हाही माझाच गुन्हा. "मी चारच. कसे लिहिलेस? दाखव."

मी तिच्या तळव्यावर तो खिळा ठेवला. "हा शेपटीवाला."

"क्यू आहे तो."

"असेल. याच्यामागं वाटी येतेच."

"यू." तिनं खिळा उलटसुलट फिरवला. बराच वेळ. शिशानं तिची बोटं काळी झाली. मग म्हणाली, "त्यातला एक तरी शब्द काय होता, माहीत होतं का तुला?"

"लग्नपत्रिकेत तिसऱ्या ओळीत असायचा, तो आठवतो. शेवटी वाचला बाईनं. रि... क्वेस्ट. हजारो वेळा मोडला असेल मी. काय अर्थ गं त्याचा?"

"विनंती."

मी खिळ्यांकडं बघत बसले. बाहेर रोहिणी भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता.

"मग?" मयूरी म्हणाली. "अशी गप्प का झालीस?"

"मग काय," मी म्हणाले. "विनंती करते मी. मला शिकव."

तिनं बाह्या वर केल्या, दुसरं स्टूल ओढलं, आणि अगदी तिच्या बाईंच्या आवाजात म्हणाली, "आधी तो चष्मा पूस. किती धूळ बसलीये त्याच्यावर."